नितळ पाण्याचा हिशेब



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास आणि समाजकारण या विषयांवर अनेक विद्वानांनी आपले विचार मांडले. यंदा मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने मत्स्यटाकीतील पाण्याच्या रसायनावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते आपले सर विज्ञानाचे शिक्षक होते. आणि त्यांच्या स्मृतीसाठी शाळेच्या प्रवेशदालनात पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी काचेची टाकी बसविण्याचे माजी विद्यार्थ्यांनी ठरविले आहे. निवृत्तीनंतर बरीच वर्षे मी याच आकाराची टाकी घरी सांभाळीत आलो असल्याने संयोजकांनी हा विषय माझ्याकडे सोपविला. भाषेच्या माणसाला जेवढे रसायन समजले तेवढेच, पण हिशेबासह, मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

विषय हौसेचा वाटला तरी त्यात एक गंभीर गोष्ट गुंतलेली आहे. नव्या टाकीतील मासे पहिल्या दीड-दोन महिन्यांत मोठ्या संख्येने मरतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ते भुकेने क्वचितच मरतात. बहुतेक वेळा पाण्याने मरतात, आणि ते पाणी दिसावयास अगदी नितळ असते. आपल्या प्रवेशदालनातील काचेसमोर रोज सकाळी मुले थांबतील. त्यांनी तेथे काय पाहावे, हे आपण आज काय ठरवितो यावर अवलंबून आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : टाकीतील पाणी दुर्लक्षाने बिघडते हे खरे, पण दुर्लक्षानंतर एकाएकी येणाऱ्या उत्साहाने ते त्याहून वाईट रीतीने बिघडते. पाण्याला थोडे थोडे, पण नेमाने केलेले काम हवे असते. असे का, हे समजण्यासाठी पाण्यात काय चालते ते पाहिले पाहिजे.

पिता आणि पुत्र

काचेच्या टाकीत मासे दीर्घकाळ जगविण्याची विद्या तशी अलीकडची आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पात्रात त्याने सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती उजेडात तो परत देते, आणि कुजणारी पाने गोगलगायी खाऊन टाकतात, अशी ही जोडणी होती. पाणी वारंवार न बदलता ती टिकली. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि या छंदाचा प्रसार झाला. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ मध्ये.

वॉरिंग्टनने सांगितलेली गोष्ट खरी होती, पण अर्धी होती. प्राणवायूचा हिशेब त्याने जुळविला. माशांच्या उत्सर्जनाचे पुढे काय होते, हा प्रश्न राहिला. या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या शोधात त्याच्याच मुलाचा वाटा आहे, हा इतिहासातील एक सुंदर योगायोग होय. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपविले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर पाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्म सोडताच ही क्रिया थांबली. अर्थात ती निर्जीव रसायनाची नव्हती, सूक्ष्मजीवांची होती. वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे शेतजमिनीवर संशोधन करीत होता. त्याने हा शोध पुढे नेला आणि ही क्रिया दोन पायऱ्यांनी होते हे दाखविले. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाला असे जिवाणू वेगळे काढण्यात यश आले.

नळीतील ते वीस दिवस आपण लक्षात ठेवावेत. नवी टाकी भरल्यावर नेमके तेच घडते. पाणी असते, वाळू असते, फिल्टर चालू असतो. पण कामकरी अजून रुजू झालेले नसतात.

पाच ग्रॅम खाद्याचा हिशेब

आपल्या टाकीत, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता, सुमारे ५०० लिटर पाणी राहील. समजा, माशांना दिवसाला पाच ग्रॅम कोरडे खाद्य घातले. अशा खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने धरली, तर ती दोन ग्रॅम झाली. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ०.३२ ग्रॅम. त्यातील काही भाग माशांच्या वाढीला लागतो, काही विष्ठेत व गाळात जातो. उरलेला, समजा ०.२ ग्रॅम, मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. ५०० लिटरमध्ये तो लिटरला ०.४ मिलिग्रॅम होतो. हे झाले एका दिवसाचे.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया. तो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो. दुसरे अमोनियम, ते त्या मानाने निरुपद्रवी. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. सामू म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप. डेन्मार्कचे सोरेन्सन यांनी ते १९०९ मध्ये रूढ केले. या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे विसरता कामा नये. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का किंवा थोडा अधिक भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. लिटरला ०.०२ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया दीर्घकाळ राहिला तरी माशांच्या कल्ल्यांना अपाय होऊ लागतो. आता वरचा हिशेब पाहा. सामू ८ असलेल्या नव्या टाकीत पहिल्याच दिवशी आपण त्या मर्यादेवर पोहोचतो आणि तिसऱ्या दिवशी तिच्या तिप्पट होतो. काचेतून मात्र काहीही दिसत नाही.

जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत हा अमोनिया जिवाणू खातात. पहिल्या गटातील सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट करतात. तेही घातक असते. माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनला ते प्राणवायू वाहण्यास निकामी करते, रक्त तपकिरी पडते, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. दुसऱ्या गटातील जिवाणू या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे बरेच सौम्य असते. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांतील हे दुसरे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात असे दिसून आले. तोवर ते श्रेय दुसऱ्याच जिवाणूला दिले जात होते. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडणारे जिवाणू दोन संशोधकगटांना सापडले, आणि त्यांतील एका गटाला ते मत्स्यसंवर्धनाचे पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत मिळाले. जिवाणूंची नावे बदलली. क्रम मात्र तोच राहिला.

हे कामकरी पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरमधील स्पंज, सच्छिद्र खडे, वाळू, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. म्हणून टाकीचे खरे हृदय तिच्या फिल्टरमध्ये असते. तो ‘स्वच्छ’ व्हावा म्हणून नळाखाली चोळून धुणे म्हणजे क्लोरीनने आपलेच कामकरी मारणे होय. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज हलक्या हाताने पिळावा. त्याचा रंग मातकट राहिला तरी चालेल.

नव्या टाकीत ही वसाहत उभी राहण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासे न सोडता, शुद्ध अमोनियाचे थोडे थोडे द्रावण घालून ती उभी करता येते. एखाद्या निरोगी जुन्या टाकीतील मूठभर स्पंज वा खडे आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवले तर हा काळ बराच कमी होतो. दह्याला विरजण लागते तसेच हे. प्रथम अमोनिया चढतो आणि उतरतो. मग नायट्राइट चढते आणि उतरते. शेवटी नायट्रेट दिसू लागते. घातलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊन अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की पाणी माशांसाठी तयार झाले.

नायट्रेट आणि पाणी बदलण्याचे गणित

रोजच्या ०.२ ग्रॅम नायट्रोजनापासून सुमारे ०.९ ग्रॅम नायट्रेट बनते. आपल्या टाकीत ते आठवड्याला लिटरमागे साधारण १२ मिलिग्रॅमने वाढेल. थेंबे थेंबे तळे साचे, तसाच हा प्रकार. पाणवनस्पती त्यातील काही भाग शोषून घेतात. उरलेले बाहेर काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाणी बदलणे.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. दर आठवड्याला पाण्याचा जेवढा हिस्सा बदलतो, त्या अपूर्णांकाने आठवड्याच्या वाढीला भागावे. नायट्रेट शेवटी त्या आकड्यापाशी स्थिरावते. निम्मे पाणी बदलले तर २४ पाशी, चौथा हिस्सा बदलला तर ४८ पाशी, आणि नुसता दहावा हिस्सा बदलला तर १२० पाशी. नळाच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर ते यात मिळवावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे; माशांसाठी आपण ५० च्या आत राहिलो तर उत्तम. म्हणून चांगली वाढलेली वनस्पती, आणि दर आठवड्याला चौथा ते तिसरा हिस्सा पाणी, असे प्रमाण मी सुचवीन.

उन्हाळ्यात आटलेले पाणी वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. क्षार मागे राहतात. वर पुन्हा क्षारयुक्त पाणी घातले की महिन्यागणिक टाकीतील क्षार वाढत जातात.

स्वच्छ पाण्याने मासे का मरतात?

आता मी ज्या मुद्द्यासाठी एवढा प्रपंच केला त्याकडे येतो. टाकी पाळणाऱ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते : कित्येक आठवडे पाण्याकडे पाहिले नव्हते, मासे ठणठणीत होते, एके दिवशी कंबर कसून निम्मे पाणी बदलले, आणि दुसऱ्या दिवशी मासे मेले. मग दोष नळाच्या पाण्याला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, कधी नशिबालाही. खरे कारण रसायनात आहे.

अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. हे आम्ल शोषून घेण्याचे काम पाण्यातील बायकार्बोनेट करते. त्याच्या या क्षमतेला आपण अल्कता म्हणू. बाजारातील चाचणी-संचांवर ती बहुधा ‘केएच’ या अक्षरांनी दाखविलेली असते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होताना सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतकी अल्कता खर्ची पडते. आपल्या टाकीत हा खर्च दिवसाला लिटरमागे सुमारे तीन मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला वीस मिलिग्रॅम येतो. आरंभी अल्कता शंभर मिलिग्रॅम असेल आणि पाणी बदललेच नाही, तर ती पाच आठवड्यांत संपत येते. आपली उन्हाळ्याची सुट्टी जवळजवळ तेवढीच असते, ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

अल्कता शिल्लक असते तोवर सामू फारसा हलत नाही. ती संपली की सामू झपाट्याने उतरतो. सामू साडेसहाच्या खाली गेला की अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबते. आता अमोनिया साठू लागतो. परंतु आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सर्व अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे तगून राहतात. समजा, सामू ६.२ वर आला आणि एकूण अमोनिया लिटरला चार मिलिग्रॅम झाला. त्यात मुक्त अमोनिया हजारात एका भागाहूनही कमी, म्हणजे सुमारे ०.००४ मिलिग्रॅम.

अशा वेळी कोणी निम्मे पाणी काढून सामू ८ असलेले ताजे पाणी घातले. एकूण अमोनिया चाराचा दोन झाला, येथवर ठीक. पण सामू ७.८ पर्यंत चढला, तर उरलेल्या दोन मिलिग्रॅमपैकी साडेतीन टक्के भाग मुक्त झाला. तो भरतो ०.०७ मिलिग्रॅम. अमोनिया निम्मा झाला आणि विष सतरा-अठरा पट वाढले. शिवाय काही मिनिटांत सामूने घेतलेली झेप माशांनी सोसली ती वेगळीच. पाणी निर्दोष होते आणि हेतू चांगला होता. तरी मासे गेले.

दुर्लक्षित टाकी हाती आली तर प्रथम अमोनिया आणि सामू मोजावा, खाद्य बंद करावे, आणि रोज दहावा हिस्सा पाणी बदलीत हळूहळू पूर्वपदावर यावे. दर वेळी दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत. अल्कता वाढविणे आवश्यक असल्यास ५०० लिटरला सुमारे १५ ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्याने ती लिटरमागे १८ मिलिग्रॅमने, म्हणजे चाचणी-संचातील एका अंशाने वाढते. सोडाही सामू चढवितो. म्हणून अमोनिया उतरल्यावरच, आणि एका वेळी एक अंश, हे पथ्य पाळावे. धुण्याचा सोडा मुळीच वापरू नये. त्याने सामू एकदम उसळतो.

बडोद्याचे पाणी

पाणी म्हटले की ते कोणत्या गावचे, हा प्रश्न आलाच. आपल्या शहराला आजव्याच्या सरोवराचे पाणी मिळते. महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत बांधलेले हे सरोवर पावसाच्या पाण्यावर भरते. मही नदीच्या पात्रातील विहिरींचेही पाणी येते. पुष्कळ इमारतींना कूपनलिका आहेत. एकाच आवारात नळाचे आणि कूपनलिकेचे पाणी वेगळे असू शकते, आणि उन्हाळा-पावसाळ्यातही त्यात फरक पडतो. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता प्रत्येक उगमाचे पाणी मोजून घ्यावे.

मराठी पाठ्यपुस्तकांनी कठीण पाण्याला ‘दुष्फेन’ आणि मृदू पाण्याला ‘सुफेन’ असे फार नेमके शब्द दिले आहेत. फेन म्हणजे फेस. साबणाचा फेस ज्यात सहज येत नाही ते दुष्फेन. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. पावसावर भरणाऱ्या तलावाचे पाणी साधारणपणे अधिक सुफेन असते, जमिनीच्या पोटातून आलेले अधिक दुष्फेन. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या माशांना दुष्फेन, अल्कधर्मी पाणी मानवते; ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रा वा डिस्कस सुफेन, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. शहाणपण यात आहे की आपल्या पाण्याला साजेसे मासे निवडावेत. गप्पी, मॉली, रेनबो हे मासे दुष्फेन पाण्यात आनंदाने राहतात. माशांसाठी पाणी बदलीत बसणाऱ्याला ते काम जन्मभर करावे लागते.

घरगुती शुद्धीकरण यंत्राचे पाणी सर्वांत शुद्ध, म्हणून माशांना सर्वांत चांगले, अशीही एक समजूत आहे. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे अल्कताही नसते. केवळ त्यावर चालणाऱ्या टाकीचा सामू कधी ढासळेल याचा नेम नाही. अति दुष्फेन पाणी सौम्य करण्यासाठी ते मिसळावे. लिटरला ४०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी आणि हे पाणी समभाग घेतले तर मिश्रण २०० च्या आसपास येते. हिशेब इतका सरळ आहे. मात्र अल्कताही त्याच प्रमाणात निम्मी होते.

राहिला क्लोरीन. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा लागतो. आपल्याला तो रोगांपासून वाचवितो. माशांच्या कल्ल्यांना मात्र त्याच्या दहाव्या हिश्शानेही इजा होते. पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवले तर क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. जुन्या पिढीतील छायाचित्रकार मंडळी ज्याला ‘हायपो’ म्हणत तेच हे स्फटिक. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे सात मिलिग्रॅम हायपो लागते. १२५ लिटर पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर जेमतेम अर्धा ग्रॅम. काही पाणीपुरवठ्यांत क्लोरीनऐवजी क्लोरामीन वापरतात. ते ठेवून दिल्याने लवकर उडत नाही, आणि हायपोने मोडले तर अमोनिया मागे उरतो. तेव्हा हेही तपासून घ्यावे.

उन्हाळा, वीज आणि श्वास

पाणी जसे तापते तसा त्यातील प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६. उष्णतेने माशांचा श्वास मात्र वाढतो, जिवाणूंची भूकही वाढते. मुक्त अमोनियाचा अंशही चढतो : सामू ८ असता २० अंशांना चार टक्क्यांच्या आत, ३० अंशांना सात टक्क्यांच्या वर. म्हणजे मे महिन्यात तिन्ही बाजूंनी कोंडी होते. यावर उपाय साधे आहेत : मासे मोजके ठेवावेत, पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहावा, टाकीवर ऊन येऊ देऊ नये, खाद्य कमी करावे.

वीज गेली की फिल्टर थांबतो. त्यात कोंडलेल्या जिवाणूंना काही तासांतच प्राणवायू अपुरा पडतो आणि आतील पाणी कुजू लागते. हवेचा लहान पंप इन्व्हर्टरवर ठेवावा, आणि वीज दीर्घकाळ गेली असेल तर फिल्टरमधील कोंडलेले पाणी टाकीत जाऊ न देता प्रथम बाहेर ओतून टाकावे.

शाळेपुढील सूचना

या सर्वांतून शाळेसाठी काय निघते? टाकी तळमजल्यावरच ठेवावी. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन, शिवाय काच आणि वाळू. नववीच्या वर्गाकडे एक नोंदवही द्यावी. तीत दर आठवड्याला, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, तापमान, सामू, अल्कता, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट हे आकडे लिहावेत. वेळ ठरलेली हवी, कारण वनस्पती असलेल्या टाकीत सामू सकाळी आणि सायंकाळी वेगळा असतो. अमोनिया वा नायट्राइट शून्याहून वर दिसले तर खाद्य थांबवावे. नायट्राइट चढले असेल तर चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि दर दहा लिटरला एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड नायट्राइटला माशांच्या रक्तात शिरू देत नाही. अमोनियाच्या वेळी मात्र सामू पाहिल्यावाचून पाण्याला हात लावू नये.

सुट्टीची व्यवस्था आधी करावी. निरोगी, मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. सुट्टीत काळजीपोटी घातलेले मूठभर जादा खाद्य उपासापेक्षा अधिक घातक ठरते. म्हणून शिपाईमामांच्या हाती डबा न देता एकेका दिवसाच्या मोजलेल्या पुड्या द्याव्यात. दर आठवड्याचे पाणी बदलण्याचे काम कोणा दोन माजी विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने अंगावर घ्यावे. सभागृहात इतकी मंडळी आहेत, दोघे मिळणे अवघड जाऊ नये. आणि स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार म्हणून टाकी उपसून घासण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सरांनी वर्षानुवर्षे मुलांकडून रोजचे तापमान आणि पाऊस फळ्यावर लिहून घेतला. त्यातील एकेका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसे. महिन्याच्या शेवटी ओळ तयार झाली की पावसाळा कसा गेला ते दिसे. टाकीची नोंदवही हे त्याच शिक्षणाचे पुढचे पान आहे. साचणारा नायट्रेट किंवा संपत चाललेली अल्कता डोळ्यांना दिसत नाही. ती आकड्यांच्या ओळीत दिसते, आणि वेळेवर दिसते.

शेवटी संयोजकांना एक विनंती. टाकीच्या उद्घाटनाची तारीख अजून ठरलेली नाही, हे मला कळले आहे. ती पाहुण्यांच्या सोयीने ठरवू नये. टाकी लवकर भरावी, फिल्टर चालू करावा, वनस्पती लावाव्यात, आणि नोंदवहीचे पहिले पान मासे नसतानाच सुरू करावे. मुलांना पाच-सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडे पाहू द्यावे. त्यात काय चालले आहे हे त्यांना आकड्यांवरून सांगता येईल. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले, की त्या दिवशी निमंत्रणपत्रिका छापावयास द्यावी.